पाळीव जनावरांचे जुनाट दुखणे व सूचिवेध चिकित्सा

पनवेल तालुक्यातील पशुपालनाचे स्वरूप गेल्या काही दशकांत पुष्कळ पालटले आहे. माथेरानच्या डोंगराकडील नेरे, मालडुंगे यांसारख्या गावांत भातशेती, गुरे व राखणीची कुत्री अजूनही दिसतात. तर खारघर, कामोठे, कळंबोली या वसाहतींतील उंच इमारतींत कुत्री व मांजरे घरच्या माणसांसारखी राहतात. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि गाव व शहर यांतील अंतर आणखी कमी झाले. परंतु गोठ्यातील बैल असो, अंगणातील कुत्रा असो की चौथ्या मजल्यावरील मांजर असो, वार्धक्य व दुखापत यांपासून कोणाचीच सुटका नाही. जनावर वयस्क झाले किंवा त्यास जुना मार लागलेला असला की सांधे धरतात, पाठ ताठते, चाल मंदावते. हे दुखणे जनावराचा जीव एकाएकी घेत नाही. म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. आळशी झाला म्हणून बैलास चाबूक बसतो, चिडका झाला म्हणून कुत्र्यास साखळीने बांधले जाते किंवा दूर रस्त्यावर सोडून दिले जाते. वस्तुतः ते जनावर आळशीही नसते व दुष्टही नसते. ते वेदनेत असते.

अशा जुनाट वेदनेवर सूचिवेध चिकित्सा, म्हणजे ॲक्युपंक्चर, हा एक उपचार अलीकडे पशुवैद्यकांत प्रचारात आला आहे. तो काय आहे, त्यापासून कोणती अपेक्षा करावी, कोणती करू नये आणि तो कोणाकडून करून घ्यावा, याचे विवेचन या पाठात केले आहे.

दुखणे ओळखावे कसे

ताजी जखम झाली म्हणजे जनावर ओरडते, पाय उचलून धरते. जुनाट दुखण्यात मात्र ते क्वचितच ओरडते. दुर्बलता दाखविणारा प्राणी रानात शत्रूच्या तावडीत सापडतो. यामुळे वेदना लपविण्याची वृत्ती प्राण्यांच्या अंगी मुरलेली आहे. तेव्हा आवाजाची वाट न पाहता वागणुकीतील फरक पाहणे हेच पशुपालकाचे काम होय.

कुत्र्याच्या बाबतीत पुढील चिन्हे लक्षात घ्यावीत. सकाळी किंवा विश्रांतीनंतर उठताना अंग ताठलेले असते व थोडे चालल्यावर ते मोकळे होते. जिना चढणे, ओट्यावर उडी मारणे तो टाळू लागतो. एकच सांधा वारंवार चाटतो. दुखऱ्या पायाच्या मांडीचे मांस झडते. पाय फरफटत असल्यास नखे वेडीवाकडी झिजतात. पूर्वी शांत असलेला कुत्रा पाठीस हात लावताच गुरगुरतो.

मांजराची चिन्हे याहून सूक्ष्म असतात. ते लंगडताना फारसे दिसत नाही. परंतु उंच जागी चढणे सोडते, अंग चाटून स्वच्छ ठेवीत नाही, त्यामुळे पाठीवरील केसांच्या गुठळ्या होतात, आणि ठरलेल्या जागेऐवजी भलतीकडेच घाण करते. पुष्कळ वेळा याला वयाचा परिणाम मानून सोडून दिले जाते.

बैल किंवा गाय दुखण्यात असली म्हणजे एका पायावरचा भार दुसऱ्यावर पुन्हापुन्हा टाकते, पाठीस कमान आणते, आखूड पावले टाकते, अधिक वेळ बसून राहते, दात खाते व रवंथ कमी करते. जू मानेवर घेताना मागे सरणारा बैल प्रत्येक वेळी हट्टीच असतो असे नाही. त्याचा खांदा, खूर व मागील सांधे प्रथम तपासावेत.

दुखण्याचे मूळ

वेदना हे लक्षण आहे, रोग नव्हे. एकाच प्रकारच्या लंगडण्यामागे अनेक कारणे असू शकतात, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या कुत्र्यांत खुब्याचा सांधा जन्मतःच सैल बसण्याची प्रवृत्ती असते. पुढे त्यातून सांधेझीज होते. लांब पाठीच्या डॅक्सहुंड जातीत मणक्यांमधील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब पडतो. मुंबई-पुणे रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्याच्या कडेची कुत्री वाहनाची ठोकर खातात; हाड वेडेवाकडे जुळले की जन्माचे दुखणे लागते. इमारतींतील गुळगुळीत फरशीवर पाय घसरत राहिल्याने आधीच झिजलेल्या सांध्यांवर अधिक ताण येतो.

कोकणच्या उष्ण व दमट हवेत गोचिडांची पैदास विपुल होते. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात कुत्र्याचे सांधे सुजून तो लंगडतो. हे दुखणे सांधेझिजेसारखे दिसते. पण त्यावर औषध वेगळे असते व ते वेळीच मिळाले तर कुत्रा पूर्ण बरा होऊ शकतो. बैलाच्या मागील पायात गुडघ्याची वाटी वर अडकल्यास पाय ताठ मागे राहतो व झटक्याने पुढे येतो. त्यावर पशुवैद्यक लहानशी शस्त्रक्रिया करून बैलास कामाचा करू शकतो. अशा बैलास महिनाभर सुया टोचीत बसणे म्हणजे वेळ व पैसा वाया घालविणे होय. म्हणून निदान प्रथम व उपचार नंतर, हा नियम कोणत्याही परिस्थितीत मोडू नये.

डाग, मलम व माणसांच्या गोळ्या

लंगड्या जनावरास तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चाल ग्रामीण भागात फार जुनी आहे. आयुर्वेदात अग्निकर्म सांगितले आहे, याचा दाखला त्यासाठी दिला जातो. पनवेल हे तर आयुर्वेदीय औषधनिर्मितीचे जुने ठाणे आहे. श्री धूतपापेश्वर हा कारखाना येथे १८७२ साली स्थापन झाला. परंतु शास्त्रात सांगितलेले अग्निकर्म रोग, स्थान व मात्रा पाहून करावयाची क्रिया आहे. गावात कोणीही विळा तापवून ओढलेली रेघ ही त्या पंक्तीस बसत नाही. डागाने नवी जखम होते, ती पिकते, पावसाळ्यात तीत किडे पडतात, आणि आतील सांधा जसाच्या तसा राहतो. नव्या आगीपुढे जुने दुखणे काही दिवस झाकले जाते, एवढेच. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० या कायद्यान्वये अपराध आहे, हेही ध्यानात असावे.

दुसरी चूक याहून अधिक घडते. घरातील मनुष्यासाठी आणलेली वेदनाशामक गोळी कुत्र्या-मांजरास दिली जाते. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीरात नीट पचत नाही. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट होते व एका गोळीनेही मांजर दगावू शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पशुवैद्यकाने दिलेले औषधसुद्धा स्वतःच्या मनाने वाढवू नये अथवा दुसऱ्या औषधाबरोबर मिसळू नये.

गुरांच्या वेदनाशामकांचा प्रश्न तर गोठ्याबाहेरही जातो. डायक्लोफेनॅक दिलेले जनावर मेले व गिधाडांनी त्याचे मांस खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडतात. या एका औषधामुळे भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पुढे २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड यांवरही जनावरांपुरती बंदी घालण्यात आली. रायगड जिल्ह्यातच म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात गिधाडांची घरटी जपली जात आहेत. मेलोक्सिकॅम हे गिधाडांस सुरक्षित ठरलेले औषध पशुवैद्यकाकडे उपलब्ध असते. तथापि वृद्ध जनावराचे यकृत व मूत्रपिंडे दुर्बल असतात. त्यास कोणतेही वेदनाशामक महिनोन्महिने देणे कठीण जाते. औषधाची मात्रा कमी ठेवून वेदना आटोक्यात ठेवता आली तर ती हवीच असते. सूचिवेध चिकित्सेस स्थान मिळते ते येथे.

चिकित्सेचा उगम व भारतातील आगमन

शरीराच्या ठराविक स्थानी बारीक सुई टोचून उपचार करण्याची ही पद्धती मूळची चीन देशातील होय. तेथे ती जनावरांवर, विशेषतः घोड्यांवर, शतकानुशतके वापरली गेली. यू बेनयुआन व यू बेनहेंग या दोघा बंधूंनी लिहिलेला अश्वचिकित्सेवरील प्रसिद्ध चिनी ग्रंथ १६०८ सालचा असून त्यात सूचिवेधाची स्थाने दिलेली आहेत. त्या काळी घोडा व बैल हेच राज्याचे व शेतीचे बळ असल्याने त्यांच्या पायांची चिंता वैद्यांस करावीच लागे.

भारतात ही विद्या येण्याच्या इतिहासाशी महाराष्ट्राचे नाते आहे. चीन-जपान युद्धाच्या काळात, १९३८ साली, भारतातून पाच डॉक्टरांचे एक वैद्यकीय पथक चीनमध्ये गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर हे होते. डॉ. कोटणीस सैनिकांची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच मृत्यू पावले. याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनमध्ये गेले, सूचिवेध शिकले व १९५९ च्या सुमारास त्यांनी कलकत्ता येथे या पद्धतीने उपचार करण्यास आरंभ केला. मनुष्यांवरील उपचारांपुरता महाराष्ट्राने या चिकित्सापद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केलेला आहे. पशुवैद्यकांत या विद्येचा पद्धतशीर प्रसार व्हावा म्हणून आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चर संस्था १९७४ साली अमेरिकेत स्थापन झाली. तिचे शिक्षण पदवीधर पशुवैद्यकांसाठी असते.

सुईने वेदना कमी कशी होते

चिनी परंपरेत याचे स्पष्टीकरण शरीरातून वाहणाऱ्या प्राणशक्तीच्या मार्गांनी केले जाते. आधुनिक शास्त्रज्ञांनी त्याच क्रियेचा शोध मज्जातंतूंच्या दिशेने घेतला आहे. सुई टोचली जाणारी पुष्कळ स्थाने मज्जातंतू, रक्तवाहिन्या व स्नायूंची टोके यांच्या निकट असतात. तेथे सुईने चेतना मिळाली की तिचा संदेश मज्जारज्जूत पोहोचतो व वेदनेचा संदेश पुढे नेणाऱ्या तंतूंस अटकाव होतो. संदेश मेंदूपर्यंत गेल्यावर मेंदू अफूसारखा गुण असलेली स्वतःचीच वेदनाशामक द्रव्ये सोडतो. त्यांस एंडॉर्फिन म्हणतात. १९७६ साली कॅनडात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत अफूचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन हे औषध दिल्याबरोबर सूचिवेधाचा वेदनाशामक गुण नाहीसा झाला. यावरून या विचारास आधार मिळाला. २०१० साली उंदरांवरीलच प्रयोगांत सुईच्या जागी ॲडेनोसिन हे वेदना शमविणारे द्रव्य वाढत असल्याचे आढळले.

सुयांस सौम्य विजेचा प्रवाह जोडण्याची रीतही आहे. मंद गतीच्या व जलद गतीच्या स्पंदनांनी निरनिराळी वेदनाशामक द्रव्ये सुटतात, म्हणून पशुवैद्यक रोगाप्रमाणे गती निवडतो. यासोबत दुखऱ्या सांध्याभोवती आखडलेले स्नायू सैल होतात व तेथील रक्ताभिसरण सुधारते. मात्र झिजलेली कूर्चा सुईने पुन्हा उगवत नाही, वाकडे जुळलेले हाड सरळ होत नाही, व जंतूंचा रोग बरा होत नाही. वेदनेचा भार हलका करणे हे तिचे कार्य होय.

प्रयोगांचा निष्कर्ष

कोणत्याही उपचाराची योग्यता गावातील वार्तेवर न ठरविता तुलनात्मक प्रयोगांवर ठरवावी लागते. ब्राझील देशात ५० कुत्र्यांवर केलेला व २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उल्लेखनीय आहे. पाठीतील चकती सरकलेल्या या कुत्र्यांपैकी काहींना केवळ नेहमीचे औषधोपचार दिले व काहींना त्यांच्या जोडीला विजेच्या प्रवाहासह सूचिवेध दिला. दुसऱ्या गटातील कुत्री अधिक लवकर चालू लागली. नॉर्वेमध्ये खुब्याच्या विकाराच्या ७८ कुत्र्यांवर सोन्याचे बारीक मणी सूचिवेधाच्या स्थानी बसवून प्रयोग केला गेला; २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात वेदना कमी झाल्याची नोंद आहे. पण त्यापूर्वी फिनलंडमध्ये झालेल्या तशाच प्रयोगात असा लाभ दिसला नव्हता.

२००६ साली पशुवैद्यकातील सूचिवेधाच्या उपलब्ध प्रयोगांचे एकत्रित परीक्षण करण्यात आले. त्याचा निष्कर्ष असा, की ही चिकित्सा करावीच किंवा करूच नये असे ठामपणे सांगण्याइतका सबळ पुरावा तोपर्यंत नव्हता. काही प्रयोग आशादायक होते. तेव्हा पशुपालकाने यास चमत्कार समजू नये व थोतांडही समजू नये. निदान झालेले असताना, इतर उपचारांच्या जोडीला व ठराविक मुदतीपुरती परीक्षा पाहण्याजोगी ती एक पूरक चिकित्सा आहे.

उपचाराची रीत

पशुवैद्यक प्रथम जनावराची चाल पाहतो, प्रत्येक सांधा हलवून व पाठीवरून बोटे फिरवून दुखरी जागा शोधतो, आणि आवश्यक असल्यास रक्ताची तपासणी व क्ष-किरण चित्र करवून घेतो. त्यानंतर तो स्थाने ठरवितो. कंबर व त्रिकास्थी यांच्या मधील खळगा, खुब्याच्या भोवतालची स्थाने, गुडघ्याच्या मागील खळगा आणि गुडघ्याखाली बाहेरील बाजूस नडगीच्या लगतचे स्थान ही मागील पायांच्या दुखण्यात पुष्कळदा निवडली जातात.

सुया पोलादाच्या, निर्जंतुक व एकदाच वापरावयाच्या असतात. कुत्र्या-मांजरांसाठीच्या सुईची जाडी साधारणतः ०.२० ते ०.३० मिलिमीटर असते. इंजेक्शनच्या सुईहून ती कितीतरी बारीक असल्याने बहुतेक जनावरे ती सहन करतात. काही तर उपचार चालू असताना डुलक्या घेऊ लागतात. गुरांची कातडी जाड असल्याने त्यांस अधिक मजबूत सुया लागतात. सुया सुमारे १० ते ३० मिनिटे ठेवल्या जातात. त्या वेळी जनावर ओळखीच्या माणसाजवळ, शांत जागी असावे. उपचारानंतर त्या दिवशी ते थोडे सुस्त राहिले तर घाबरू नये. परंतु त्यास त्याच दिवशी कामास जुंपू नये किंवा पळवू नये.

आरंभी आठवड्यातून एक किंवा दोन बैठका होतात. लाभ दिसल्यास बैठकांतील अंतर दोन आठवडे, महिना असे वाढवितात. साधारण चार ते सहा बैठकांनंतरही नोंदीत फरक दिसत नसेल तर निदानाचा पुन्हा विचार करावा व उपचार उगाच लांबवू नये.

कोणत्या जनावरास हा उपचार करू नये

गाठीत, पिकलेल्या जखमेत किंवा संसर्ग झालेल्या कातडीत सुई टोचीत नाहीत. फिट येणाऱ्या जनावरास विजेचा प्रवाह देत नाहीत. गाभण मादीच्या बाबतीत काही स्थाने वर्ज्य मानतात, म्हणून ती गाभण असल्याचे पशुवैद्यकास आधीच सांगावे. कोकणातील कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. गोचिडतापात रक्त गोठविणाऱ्या सूक्ष्म कणिका कमी होतात व बारीक टोचण्यानेही रक्तस्राव होऊ शकतो. अंगावर गोचिडी असलेल्या, हिरड्या फिक्या पडलेल्या अथवा नाकातून रक्त आलेल्या कुत्र्याचे रक्त तपासल्याखेरीज सुई लावू देऊ नये.

एकाएकी मागील पाय लुळे पडणे, मूत्र बंद होणे, मोडलेले हाड दिसणे ही तातडीची लक्षणे होत. अशा वेळी सूचिवेधाची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकीय इस्पितळ गाठावे.

पनवेल परिसरातील शर्यतीच्या बैलांसंबंधीही दोन शब्द आवश्यक आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ मे २०२३ च्या निर्णयानंतर बैलगाडा शर्यती राज्याच्या कायद्याच्या व नियमांच्या चौकटीत चालू आहेत, आणि शर्यतीपूर्वी बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी होणे बंधनकारक आहे. वेदना ही शरीराची धोक्याची घंटा आहे. औषधाने किंवा सुईने ती घंटा बंद करून लंगडा बैल पळविला तर सांधा कायमचा निकामी होतो. उपचार विश्रांतीसाठी करावा, धावण्यासाठी नव्हे.

उपचार कोणाकडून करून घ्यावा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकासच आहे. मनुष्यांवर सूचिवेध करणारा कुशल तज्ज्ञही जनावरांच्या शरीररचनेशी परिचित असतोच असे नाही. कुत्र्याच्या छातीवर सुई अधिक खोल गेली तर फुप्फुसास इजा होते. म्हणून पशुवैद्यकाकडे दोन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात: त्याची नोंदणी आहे काय, व त्याने सूचिवेधाचे शिक्षण घेतले आहे काय.

प्रथम जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावर दाखवून निदान करून घ्यावे. जनावर हलविण्याजोगे नसल्यास १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. अवघड रोग्यासाठी परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा सल्ला घेता येतो. १८८६ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे.

घरी घ्यावयाची काळजी

सुईचा लाभ घरच्या निगेवर अवलंबून असतो. सर्वांत मोठा उपाय वजनाचा होय. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांचा जन्मभर अभ्यास करण्यात आला. जोडीदारापेक्षा चतुर्थांश कमी आहार मिळालेली कुत्री सरासरी सुमारे १.८ वर्षे अधिक जगली व त्यांच्यात सांधेझीज उशिरा आली. लठ्ठ कुत्र्याचे वजन सुमारे सहा टक्क्यांनी घटले तरी लंगडणे कमी होते, असे आणखी एका अभ्यासात दिसले आहे. म्हणजे ३० किलोग्रॅमच्या कुत्र्याचे वजन दोन किलोग्रॅमने उतरविणे हेदेखील औषधच आहे. उरलेली पोळी, तळलेले पदार्थ व बिस्किटे देण्याची सवय मोडावी.

गुळगुळीत फरशीवर चटई किंवा जुने पोते अंथरावे. निजण्याची जागा कोरडी व मऊ असावी; पावसाळ्यात ती जमिनीपासून थोडी उंच करावी. नखे वेळच्या वेळी कापावीत. एकदम लांब फिरविण्यापेक्षा दिवसातून तीन वेळा थोडे थोडे फिरवावे. मांजरासाठी चढण्याच्या जागी मध्ये एखादी पेटी ठेवून पायरी करावी. बैलाच्या गोठ्यात ओल राहू देऊ नये, भाताचा पेंढा अंथरावा, खूर साळून घ्यावेत, आणि वृद्ध बैलास चिखलणीच्या कामातून मुक्त करावे.

नोंद ठेवण्याची सोपी रीत

उपचार चालू असताना पशुपालकाचे मन आशेने भरलेले असते. त्यामुळे सुधारणा नसतानाही ती झाल्यासारखी वाटते. ही फसगत टाळण्यासाठी वही ठेवावी. उठणे, चालणे, चढणे व निजणे या चार क्रिया घ्याव्यात. आठवड्यातून एका ठराविक दिवशी प्रत्येक क्रियेस ० ते ३ असा अंक द्यावा. काहीच त्रास नसेल तर ०, थोडा असेल तर १, पुष्कळ असेल तर २ व ती क्रिया करताच येत नसेल तर ३. चारांची बेरीज ० ते १२ यांमध्ये येते. समजा, एखाद्या कुत्र्याची बेरीज उपचारापूर्वी ९ होती व सहा आठवड्यांनी ५ झाली, तर लाभ आहे असे म्हणता येईल. ती ८ किंवा ९ वरच रेंगाळली तर पशुवैद्यकाशी स्पष्ट बोलावे. शक्यतो अंक देणारी व्यक्ती एकच असावी, आणि औषधाच्या मात्रेत झालेला बदलही त्याच ओळीत लिहावा.

उपसंहार

जनावरास वाचा नसते. त्याची वही त्याच्या धन्यानेच लिहावयाची असते. ज्या कुत्र्याने दहा वर्षे घराची राखण केली, ज्या बैलाने शेताचा चिखल तुडविला, त्याच्या शेवटच्या वर्षांतील वेदना हा पशुपालकाच्या कर्तव्याचा भाग आहे. वेदना ओळखावी, तिचे कारण शोधावे, डाग व मनुष्यांच्या गोळ्या टाळाव्यात, वजन व जागा यांची निगा राखावी, औषध पशुवैद्यकाच्या आज्ञेने द्यावे आणि शिक्षित पशुवैद्यकाच्या हातून सूचिवेधाची परीक्षा पाहावी, असा हा क्रम आहे. सर्व उपाय करूनही कुत्र्या-मांजराची वेदना आटोक्यात येत नसेल, त्यास अन्न व झोप नकोशी झाली असेल, तर त्याच्या अखेरच्या सुटकेविषयी पशुवैद्यकाशी विचारविनिमय करण्यातही दयाच आहे. परंतु निदानच न करता त्यास रस्त्यावर सोडून देणे हे निर्दयपणाचे व कायद्याने दंडनीय कृत्य होय.

लंगडणारे जनावर दारात उभे असेल तर पुढील बाजारच्या दिवसाची वाट न पाहता त्यास दवाखान्यात न्यावे. दुखणे जुने झाले म्हणून ते सोसलेच पाहिजे असे नाही.